पोर्ट-लेमनवाली

तो पहिल्यांदा आत आला तेव्हा त्याचा चेहरा दिसलाच नाही. आधी आली ती काच. भली मोठी, गोणपाटात गुंडाळलेली, आणि तिच्याखाली दोन भिजलेले बूट.

"बाजूला व्हा हं... नाहीतर तुमचा बगळा पुन्हा फुटायचा!"

माझ्या मामाच्या पबचं नाव 'लंगडा बगळा'. लंडनच्या साउथवर्क भागात, रेल्वे कमानींमागच्या बोळात आहे. खिडकीच्या काचेवर कोरलेला शंभर वर्षांचा बगळा फेब्रुवारीच्या वादळात एका उडत्या कौलाने फोडला, म्हणून हा नवा आला होता. आणणाऱ्याचं नाव डेक्लन. दुपारभर तो खिडकीशी गुणगुणत काम करत होता, आणि दुपारभर मी तेच सहा ग्लास पुन्हा पुन्हा पुसत होते.

काम संपवून तो काउंटरशी आला. "एक पाइंट बिअर दे. आणि एक तुझ्यासाठी."

काउंटरमागच्या मुलीला असं म्हणायची रीतच आहे. ते मनावर घ्यायचं नसतं.

"मामाच्या राज्यात काउंटरच्या या बाजूला प्यायला बंदी आहे," मी पंपाचा दांडा ओढत म्हटलं. "चारला सुटते मी. मग त्या बाजूला. तेही कुणी जागा धरून ठेवली तर."

हे उत्तर मी सगळ्यांनाच देते. इतक्या वेळा दिलंय की देताना माझं मलाही ऐकू येत नाही.

"असं होय," तो म्हणाला आणि हसला. त्याच्या कानाच्या पाळीवर काच बसवायच्या लांबीचा पांढरा ठिपका होता. तो पुसावासा वाटला... आणि मला माझाच राग आला.

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. केस नीट विंचरलेले.

"एक पाइंट, हेटी. आणि एक पोर्ट-लेमन."

माझा हात थांबला. पोर्ट-लेमन! लालभडक गोड दारूत लेमनेड. आमच्याकडे ते फक्त ऐंशीच्या पुढच्या बायका मागतात, नाहीतर ज्यांना आपण फार नाजूक आहोत असं दाखवायचं असतं त्या.

"कुणासाठी?" मी अगदी सहज विचारलं. निदान तसा प्रयत्न केला.

"येईल ती," तो म्हणाला. "घाई नाही."

बगळ्याच्या खिडकीशी दोघांचं टेबल धरून तो बसला. लाल ग्लास समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि वर पुठ्ठ्याची चकती झाकली. ग्लासावर चकती म्हणजे माणूस येणार आहे. लंडनच्या कुठल्याही पबात त्या ग्लासाला कुणी हात लावत नाही. चार वाजता मी एप्रन काढून फेकला आणि मागच्या जिन्याने तडक माझ्या खोलीत गेले. तिचं तोंड पाहायची मला मुळीच हौस नव्हती.

"आली का ती?" संध्याकाळी मी मामाला विचारलं.

"कोण?" मॉरिसमामा मिशीत पुटपुटला. "नाही बुवा. सव्वाचारपर्यंत बसला बिचारा, मग गेला."

असे सात रविवार. दर रविवारी तो मला हसवायचा, माझ्या नव्या केशरचनेची थट्टा करायचा, आणि मग — "एक पोर्ट-लेमन." आणि ते माझ्याच हाताने ओतायचं! एव्हाना ती बाई मला पाठ झाली होती. गोरेपान हात, मोत्यांचे डूल, लाडिक आवाज. नाव बहुधा अॅराबेला. सात आठवडे माणसाला झुलवते आणि साधं तोंड दाखवत नाही! ती आली असती तरी मी जळले असते, आणि येत नव्हती म्हणून दुप्पट जळत होते.

"लेमनेड जरा जास्त झालंय," एकदा तो काउंटरवरच लाल ग्लासातला घोट घेऊन म्हणाला.

"तिला सांग तक्रार करायला. आली तर!"

त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

आठव्या रविवारी बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. तो नेहमीसारखा हसला नाही.

"ब्रिस्टलला वर्षभराचं काम आलंय. जुन्या चर्चच्या खिडक्या. आज ती आली नाही तर... उद्या निघतो."

वर्षभर! त्या नटवीपायी हा जाणार, आणि मी इथे ग्लास पुसत राहणार? चारला पाच मिनिटं होती. मी फडकं घेऊन त्याच्या टेबलाशी गेले, चकती उचलली, लाल ग्लास घेतला आणि काउंटरमागे येऊन सगळं मोरीत ओतलं.

चकती ठेवलेला ग्लास! डार्ट्स खेळणाऱ्यांचे हातसुद्धा थांबले.

"हेटी!" मामा ओरडला. "तीस वर्षांत माझ्या पबात असं झालं नाही!"

"ती येणार नाहीये, मामा! कुणीतरी सांगायला नको का त्याला?"

डेक्लन उठला. चेहरा पांढराफटक. "नाही म्हणायचं होतं तर तोंडाने म्हणायचंस," तो हळूच म्हणाला. "असं सगळ्यांसमोर... ठीक आहे. कळलं मला."

"मी? मी कुणाला नाही म्हटलं?"

"तूच सांगितलंस ना, चारला सुटते, त्या बाजूला येईन, कुणी जागा धरली तर. आठ रविवार जागा धरतोय, हेटी!"

माझ्या हातातला रिकामा ग्लास मला एकदम जड झाला.

"पण... पोर्ट-लेमन?"

"तुला काय आवडतं ते मॉरिसला विचारलं. तो म्हणाला, हिची आई तेच प्यायची."

"आई प्यायची! मला ते खोकल्याच्या औषधासारखं लागतं!" मी मामाकडे वळले. "आणि तुला सगळं माहीत होतं?"

"काउंटरवर ऐकलेलं काउंटरवरच राहतं," मामा छताकडे बघत म्हणाला. "पण चार वाजले हं, पोरी."

मी काउंटरची उचलती फळी वर केली आणि त्या बाजूला गेले. सहा पावलांचंच अंतर. त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. अॅराबेलाच्या खुर्चीत!

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. आणि मला कडू बिअर लागते. पूर्ण पाइंट."

तो हसला... कानापर्यंत लाल होत हसला. मामाने न सांगता पाइंट आणून ठेवला. डेक्लनने फोन काढला, पण आमच्या जाड भिंतींत कधी रेंज येत नाही.

"ब्रिस्टलवाल्यांना नाही म्हणून सांगतो. दोन मिनिटं," तो म्हणाला, आणि आपल्या ग्लासावर चकती झाकून पावसात गेला.

खिडकीतल्या बगळ्याच्या पायांमधून त्याचे बूट दिसत होते. तेवढ्यात मामा मुद्दाम फडकं घेऊन टेबलाशी आला, आणि मी दोन्ही हात त्या ग्लासाभोवती धरले.

"हात तर लावून बघ, मामा!"