चौथा झटका

आधीच सांगते, ही गोष्ट रात्रीची नाही.

भुताखेताचं रात्रीच घडतं म्हणून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. हे घडलं जुलै महिन्यात, भर दुपारी. माझ्या डोळ्यांदेखत... नाही, डोळ्यांदेखत म्हणता येणार नाही. मला काहीच दिसलं नाही.

माझ्या हातात घडलं.

पांडुरंगाला स्मरून सांगते, यातला एक शब्द पदरचा नाही.

ऑस्ट्रियाच्या टिरोलमध्ये, आमच्या दरीच्या अगदी वरच्या टोकाला शिमेलवांड नावाचा कडा आहे. त्याच्या पायथ्याशी कडे चढणाऱ्यांसाठी एक दगडी मुक्कामघर आहे. लग्न होऊन या दरीत आले तेव्हा कडा चढायला मला शिकवलं ते माझ्या नणंदेनं, बुर्गीनं. बुर्गी आणि तिचा नवरा विन्झेन्झ ही आमच्या दरीतली नावाजलेली जोडी. एका दोरावर दोघं, सगळा जन्म.

एका शरद ऋतूत विन्झेन्झ एकटाच शिमेलवांडवर गेला.

तो परत आला नाही. सापडलाही नाही.

त्यानंतर बुर्गीनं दोराला हात लावला नव्हता. आणि त्या जुलैत अचानक फोन.

"शालन, दोन दिवस वर जाऊ. मुक्कामघरात राहू, सोपी वाट चढू. येतेस?"

मी आनंदानं हो म्हटलं. पण निघायच्या सकाळी माझा नवरा हार्टल मला गाडीपाशी बाजूला घेऊन म्हणाला, "बुर्गीनं मांजर शेजारी दिलंय."

"दोन दिवस घरी नाही, मग देणारच ना."

"खिडकीतल्या फुलांच्या कुंड्यासुद्धा दिल्यात. सगळ्या. कायमच्या."

आमच्याकडे जुलैत बाई एक वेळ नवरा देईल, खिडकीतली फुलं देणार नाही.

"बहीण आहे माझी," हार्टल म्हणाला. "तिला खाली घेऊन ये. बाकी काही नको."

मी मान डोलावली.

वर पोचलो तेव्हा कासियान, मुक्कामघर सांभाळणारा म्हातारा, दारातच उभा होता. "आल्या! बुर्गी, मला वाटलं तू आता फक्त लोणची घालतेस."

"तुझं तोंड बघायला आले. दरीत इतकं वाईट तोंड कुणाचं नाही."

"आणि ही? अजून देवाची गाणी म्हणते का चढताना?"

"म्हणते," मी म्हटलं. "तुमच्या सुपापुढे उभं राहायला देवच लागतो."

तो खो खो हसला. पण सातूचं सूप आमच्यापुढे ठेवताना त्यानं बुर्गीकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "उद्या दुपारनंतर धुकं येईल. आलं की मी घंटा वाजवतो, तुला माहीत आहे. घंटेच्या दिशेनं उतरायचं. हट्ट करायचा नाही."

"बरं, आजोबा," बुर्गी म्हणाली. तीही साठीला टेकलेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कड्याखाली पोचलो तेव्हा ऊन लख्ख होतं. डबा उघडला. तिथे पिवळ्या चोचीचे काळे डोंगरपक्षी असतात. पावाचा वास आला की पायाशी नाचतात, हातातून ओढून नेतात.

त्या दिवशी एकही आला नाही.

आम्ही दोर बांधले. एकमेकींची गाठ तपासायची, ही इथली रीत. मी तिची तपासली. तिनं माझी तपासली. तिची गाठ चोख होती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

बुर्गी पुढे चढली. मी खालून दोर सोडत राहिले. इतक्या वर्षांनीही पाय कसे मांजरासारखे! मध्येच वरून ओरडली, "काय गं, झोपलीस? दोर दे ना, की व्याजानं देतेस?"

मला हायसं वाटलं. असं बोलणारी बाई मरायला आलेली नसते.

ती वरच्या बाकदार कातळाआड गेली. आणि धुकं आलं.

खालून घंटा सुरू झाली. टण्... टण्... कासियान शब्दाला जागला होता.

धुक्यात आवाज पोचत नाहीत, म्हणून वर पोचलेल्यानं कातळात ठोकलेल्या खिळ्याला बांधून घेतलं की दोराला तीन झटके द्यायचे. म्हणजे, मी पक्की आहे, तू ये.

तीन झटके आले.

मग थोडा थांबून... आणखी एक. हलकाच. लाडानं पदर ओढावा तसा.

मी चढले. बुर्गी खिळ्याला बांधून उभी होती. मी म्हटलं, "चौथा कशाला गं?"

तिचा चेहरा उतरला.

"चौथा?"

"तीन आणि मग एक हलका."

"मी तीनच दिले, शालन."

तिनं हातातल्या दोराकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "तो द्यायचा. तीन रीतीचे, एक माझा. कुणालाच माहीत नव्हतं. हार्टललासुद्धा नाही."

"उतरूया, बुर्गी."

"एक टप्पा राहिलाय."

"कासियान घंटा वाजवतोय. उतरूया, तुला माझ्या गळ्याची शपथ..."

"ऐक," ती म्हणाली. "कुठे वाजतेय घंटा?"

मी कान दिला.

घंटा थांबली होती. खालच्या ओढ्याचा आवाजही नव्हता. माझ्या श्वासाचाही नव्हता.

मी तिला थांबवायला हात पुढे केला, तोवर ती निघालीही होती. मला तिला सोडणं शक्य नव्हतं, तिचा जीव माझ्या हातातल्या दोरावर होता. मी खिळ्याला बांधलेली, दोर सोडत राहिले. चढणाऱ्या माणसाचा दोर अडखळत जातो. हातभर जातो, थांबतो, पुन्हा जातो.

तसाच गेला.

मग थांबला. खूप वेळ.

आणि मग सुरू झाला... सरळ. एका लयीत. न थांबता. उभ्या कड्यावर कुणी अंगणात चालावं तसा दोर वर वर जात राहिला. माझ्या हातांतून, गरम होत.

"बुर्गी!"

दोर संपत आला. माझ्या कमरेपाशी ताणला गेला.

झटका. झटका. झटका.

मी डोळे मिटले.

...झटका.

काय करावं ते सुचेना. तोंडातून निघालं ते घरचं. माझ्या स्वयंपाकघरात कीर्तनं लागलेली असतात आणि बुर्गी पिठाचे गोळे वळता वळता टाळकऱ्यांसारखी मागून धरते, तिच्या मोडक्या उच्चारांत. मी गळा फाडून म्हटलं, "विठोबा रखुमाई!"

पुन्हा म्हटलं. रडत म्हटलं.

आणि अगदी जवळून, माझ्या डोक्याच्या वर दोन पुरुष उंचीवरून, बुर्गीचा बारीक आवाज आला. "विटोबा... रकुमाय."

इतकी जवळ! मग दोर इतका वर कुणी नेला?

"बुर्गी, कुठे आहेस?"

"पायरीसारखा कातळ आहे. बसलेय."

"दोर?"

"मी सोडला. त्यानं हात पुढे केला. मी गाठ सोडून त्याच्या हातात दिला." ती लहान मुलीसारखी बोलत होती. "आता मीही जाते. जरासंच वर आहे."

तिच्या कमरेला काही नव्हतं. खाली सगळी दरी. आणि मला हार्टलचा चेहरा दिसला.

"बुर्गी, हलू नकोस. माझ्यामागून म्हण. फक्त म्हण. विठोबा रखुमाई!"

"विटोबा रकुमाय..."

मी म्हणे, ती धरी. पुन्हा मी, पुन्हा ती.

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा... तिच्यानंतर आणखी एकानं धरलं.

खूप वरून. पुरुषाचा आवाज. शब्द नीट नव्हते, नुसता सूर. अर्धी मात्रा मागे, जसं कीर्तनाला पहिल्यांदाच आलेलं, मागे खांबाशी एकटं बसलेलं माणूस दबकत दबकत धरतं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण खरं सांगू, त्या सुराची आधी दया आली. इतकं एकटं मी कुणाला कधी ऐकलं नाही.

मी थांबले. तो थांबला नाही. तेवढीच ओळ एकटाच म्हणत राहिला.

मी दोर ओढला. आला नाही. वरून धरलेला होता.

"बुर्गी," मी म्हटलं, "माझ्यानं तुझ्याशिवाय खाली उतरवणार नाही. तूच सांग त्याला."

मग ती रडायला लागली. एवढ्या वर्षांत, अगदी शोकसभेतही, मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

"विन्झेन्झ," ती म्हणाली. "अरे, थंडी वाजतेय रे मला. सोड आता. दोर सोड."

सूर तुटला.

आणि दोर ढिला झाला. सळसळत, हळूहळू, खाली आला. पडला नाही. कुणीतरी हातानं सोडावा तसा आला.

तिनं टोक धरलं, कमरेला बांधलं. मी दोर आवळत नेला आणि ती माझ्यापर्यंत उतरली. मी तिला अशी घट्ट धरली की ती म्हणाली, "अगं, बरगडी मोडशील, मग न्यायला दोन माणसं लागतील."

दोर दुहेरी करून आम्ही खाली आलो. पायथ्याला पाय टेकताच घंटा ऐकू आली. जोरात.

"मधे का थांबलात?" मी कासियानला विचारलं.

"थांबलो?" त्यानं खांदा चोळत दाखवला. "बाई, धुकं आल्यापासून हात खाली नाही घेतला."

बुर्गी आज घरी आहे. दुसऱ्याच आठवड्यात शेजारणीशी भांडून तिनं कुंड्या परत आणल्या, मांजरही आणलं. हार्टल मला काही विचारत नाही, मी काही सांगत नाही. दोघी बसलो की बुर्गी म्हणते, "तो मला बोलवत होता, शालन. पण मी सांगितलं तर ऐकलं त्यानं."

मी हो म्हणते. तिला बरं वाटतं.

पण एक गोष्ट मी तिला कधी बोलले नाही, आणि ती मला झोपू देत नाही. त्या शेवटच्या वेळी ते तीन झटके आले, आणि मग तो हलका, लाडाचा एक आला... तेव्हा बुर्गी दोरावर नव्हतीच. दोर तिनं कधीच सोडला होता.

दोराच्या दुसऱ्या टोकाला मी बांधलेली होते.