ओढणीला हात पुसू नका

“दुपट्टे से नहीं... दुपट्टे से नहीं!”

मी दचकून मागे पाहिलं. धुतलेले हात ओढणीला पुसणार, एवढ्यात तो जवळजवळ धावतच आला होता. उंच, सडपातळ. पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि मास्कच्या वर दोन काळेभोर, काळजीत पडलेले डोळे.

“आता हे काय नवीन!” मी पुटपुटले.

ते डोळे एकदम हसले. “अरे, मराठी? मग तर सोपं झालं. बघा, हात तुम्ही अगदी छान धुतले. पण ही ओढणी सकाळपासून तुमच्याबरोबर रिक्षात बसली, लिफ्टमध्ये उभी राहिली... तिला कोण धुणार?”

मला रागही आला आणि हसूही. आत, काचेच्या पेटीत, माझी भाची होती. संपदावहिनीला वेळेच्या फार आधी कळा सुरू झाल्या आणि मुठीएवढं पिल्लू जगात आलं. दादा बँकेच्या नोकरीसाठी बनारसला आलेला, मी रेल्वेत पाणीपुरवठ्याची इंजिनिअर म्हणून. या शहरात आमचं दुसरं कोणीच नव्हतं. वहिनी अजून अंथरुणावर होती, त्यामुळे तिचं दूध आत पोहोचवायचं काम या आत्याकडे आलं होतं.

“तुम्ही लहान मुलांचे डॉक्टर?” मी विचारलं.

“नाही, मी जंतूंचा डॉक्टर. शार्दूल. इथे बरं व्हायला आलेल्या माणसाला इथेच नवा आजार लागू नये, एवढं बघतो. काम नीट झालं तर कोणाला कळतच नाही की मी काही करतो.”

तो बनारसच्याच मंगला गौरी मंदिराजवळच्या एका जुन्या मराठी कुटुंबातला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की त्याचं सगळ्यांच्या हातांकडे लक्ष असतं. नर्स, सफाईवाली, मोठमोठे सर्जन... एका ज्येष्ठ डॉक्टरांना त्याने दारात अडवलं, नमस्कार केला आणि हसतमुखाने जंतुनाशकाची बाटली पुढे धरली. डॉक्टर कुरकुरले, पण त्यांनी हात चोळले.

मीही रोज चोळायची. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं...

“अंगठा राहिला,” तो म्हणायचा.

“तुम्ही सगळ्यांच्या अंगठ्यांकडे असंच बघता?”

“हो... म्हणजे—” तो अडखळला. “इतका वेळ नाही.”

खरं सांगू? दुसऱ्या दिवशी अंगठा मी मुद्दाम विसरले.

आणि मग एका सकाळी मी दूध घेऊन गेले, तर पेटीपाशी नर्सची धावपळ चालली होती. भाचीला ताप होता. ती दूध घेईना. शेजारच्या पेटीतलं बाळही तापलेलं, त्याच्या पलीकडचंही.

रुग्णालयाच्या विश्वस्तांपैकी कोणीतरी सुचवलं, थंडीचा ताप म्हणून सांगा. शार्दूलने तसं सांगितलं नाही. त्याने आम्हा सगळ्या नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावलं आणि हिंदीत, सावकाश सांगितलं, की हा ताप मुलांना घरून आलेला नाही, इथेच लागला आहे. कुठून, ते मी शोधतोय. सापडेपर्यंत इथे एकही नवं बाळ भरती होणार नाही.

एका बापाने त्याची कॉलर धरली. शार्दूलने ती सोडवून घेतली नाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. मलाही त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं. तरी मनात एक गोष्ट पक्की झाली, की हा माणूस आपल्याशी खोटं बोलणार नाही.

दोन दिवसांनी त्या बापाचं बाळ गेलं. शार्दूल त्याच्याशेजारी बाकावर बसून राहिला, दुपार उलटेपर्यंत.

संध्याकाळी तो मला औषधं तयार करायच्या खोलीत दिसला. बेसिनपाशी उभा होता, डोळे लाल.

“जंतू या नळाच्या पाण्यात सापडला,” तो म्हणाला. “औषधं आता दुसऱ्या खोलीत बनवतोय, नळ बंद केलाय, जंतू कळला म्हणून मुलांचं औषधही बदललंय. पण गच्चीवरची टाकी स्वच्छ आहे, मुक्ता. इतर नळही स्वच्छ. मग हा इथे आला कुठून? उद्या दुसऱ्या नळातून निघाला तर?”

त्याने मला पहिल्यांदाच नावाने हाक मारली होती. पण तेव्हा त्याकडे लक्ष द्यायची वेळ नव्हती.

“पाणी कुठेतरी थांबतंय,” मी म्हणाले. “वाहत्या पाण्यात जंतू इतके साठत नाहीत. भिंतीमागे काय आहे?”

“भिंतीमागे? काही नाही. पूर्वी तिथे न्हाणीघर होतं म्हणतात.”

“मग त्याचा पाइप कुठे गेला?”

त्याने टॉर्च आणून दिला. मी भिंतीला कान लावला, मग टॉर्च घेऊन गच्चीवर गेले, तिथून नळ्यांचा माग काढत खाली आले. तो माझ्या मागोमाग होता, धुळीने माखलेला, मी मागीन ते हातात देत. शेवटी प्लंबरने प्लास्टर फोडलं. न्हाणीघर पाडताना पाइप तोडला नव्हता, नुसतं टोपण लावून भिंतीत गाडला होता; या नळाशी तो अजून जोडलेलाच होता आणि पाणी त्यात साचून राहत होतं. कापल्यावर आतून काळपट, बुळबुळीत पाणी ठिबकलं.

“हेच!” शार्दूल म्हणाला. आणि मग, अगदी हळू, “मला हे कधीच सापडलं नसतं.”

“तुम्ही शोधत होता म्हणून सापडलं.”

तो पाइप काढून टाकला, बेसिनही काढलं. नव्या औषधाने मुलांचा ताप उतरत गेला, नवा ताप कोणाला आला नाही. एका दुपारी भाचीने दूध ओढलं, चांगलं जोरात, आणि मी काचेपाशी रडत उभी राहिले. कोणीतरी शेजारी येऊन थांबलं. बघायची गरज नव्हती.

भाची घरी आली त्याच्या पुढच्या रविवारी त्याने मला मुन्शी घाटावर बोलावलं. सकाळचं धुकं होतं. येताना तो मातीच्या दोन कुल्हडांत मलइयो घेऊन आला, बनारसचा तो थंडीतला केशरी, दुधाचा फेस. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो.

“मला गाझीपूरच्या सरकारी रुग्णालयात बोलावलंय,” तो म्हणाला. “तिथल्या प्रसूती विभागात हेच काम उभं करायचंय. उद्यापासून. फक्त रविवारी परत येईन.”

“म्हणजे आठवडाभर वाट बघायची मी?”

“कशाची?”

“डॉक्टर, तुम्हाला जंतू दिसतात... समोरची मुलगी दिसत नाही?”

विश्वस्तांपुढे न डगमगणारा माणूस कानापर्यंत लाल झाला.

“दिसते,” तो म्हणाला. “पहिल्या दिवसापासून. पण तुमची भाची आत होती. अशा वेळी काही बोलणं... बरं नव्हतं.”

“आता ती घरी आहे.”

“हो.” त्याने कुल्हड पायरीवर ठेवलं. “मग... आईला सांगू?”

“आईला नंतर सांगा. आधी मला सांगा.”

धुक्यात नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते. शार्दूलने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं. मराठीत सुरुवात केली, मध्येच हिंदीत गेला, पुन्हा मराठीत आला. मी त्याला एकदाही अडवलं नाही.