नळी धरणारा

जनरेटर आज लवकर बंद केलाय. डिझेल संपत आलंय म्हणतात. तौफिक, तो फोनचा उजेड बंद कर बघू. उजेडाला मासे येतात, आणि माशांच्या मागून आणखी काय येईल ते सांगता येत नाही. हसा, हसा. अस्रि, तूही हस. पण पाय वर घे. फळ्यांच्या कडेला असे पाण्यात सोडून बसू नये.

ही काही रचलेली गोष्ट नाही. बाहारच्या बाबतीत घडलेलं आहे. मला सांगितलं ते मिस्टर यानने, मोठ्या बेटाच्या बंदरावर, पहाटे, जहाजाची वाट बघत. तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलायला अंगात त्राण लागतं, तेवढंही त्याच्यात उरलं नव्हतं.

मिस्टर यान तुम्हाला आठवत असेल. लाल मानेचा, उंच. फिरायला म्हणून दोन आठवड्यांसाठी आला आणि दोन वर्षं राहिला. किसलेल्या कंदाची वाफवलेली कासुआमी बोटांनी मोडून भाजलेल्या माशाबरोबर खायला शिकला. बायका त्याच्या तोंडावर त्याची टिंगल करायच्या, ती कळायला लागल्यावर उलट उत्तरं द्यायलाही शिकला. माणूस वाईट नव्हता. पण त्याला आपली वाळूची पट्टी आवडली. नारळीची झाडं, दोन्हीकडे पाणी. तिथे सहा कुटिरं बांधायची, त्याच्या देशातली माणसं येऊन राहतील, गावात काम येईल, दवाखाना येईल. विकायचं समुद्री शेवाळ सुकवता सुकवता आपली माणसं ऐकायची आणि मान डोलवायची.

आता आपण पाण्यावर राहणारी माणसं. आपल्याला जमीन लागते ती मेल्यावर. पट्टी म्हणजे आपलं कबरस्तान. मालकी रुस्लानच्या घराण्याची. परदेशी माणसाला जमीन विकत घेता येत नाही, गावातल्या कोणाच्या तरी नावावर करावी लागते. ते नाव बाहारचं ठरलं. पण रुस्लानने आधी 'हो' म्हणायला हवं होतं.

बाहार रुस्लानच्या बायकोचा, नुर्मीचा, सख्खा भाऊ. तो मिस्टरला घेऊन रुस्लानकडे गेला. रुस्लान जाळं दुरुस्त करत बसला होता.

"दाजी, कबरी हलवता येतात," बाहार म्हणाला. "इमाम दुआ म्हणेल, सगळं गाव येईल. नीट, मानाने करू."

"कर की," रुस्लान म्हणाला. "तुझ्या आजाला आधी हलव. जिवंतपणी कधी जागचा हलला नाही, आता हलतो का बघू."

बाहार हसला. मिस्टरही हसला. मग रुस्लान जाळ्यातून डोकं वर न काढता म्हणाला, "दाहलियाला अंधाराची भीती वाटायची. म्हणून तिला पश्चिमेच्या टोकाला ठेवलं. उजेड तिथे शेवटपर्यंत असतो. तिला कुठे हलवू?"

दाहलिया त्याची मुलगी. सहा वर्षांची होऊन तापाने गेली होती. तो रोज संध्याकाळी होडी घेऊन पट्टीवर जायचा. काही करायचा नाही. उजेड जाईपर्यंत बसायचा आणि परत यायचा. काही माणसांना तेवढंच करता येतं.

मिस्टर यान परत कधी त्याच्याकडे गेला नाही. बाहार मात्र रोज रुस्लानबरोबर समुद्रावर जात होता. रुस्लान बुडी मारायचा आणि बाहार नळी धरायचा.

तुम्ही आता शाळेत जाणारी पोरं, कॉम्प्रेसरची बुडी तुम्ही बघितलेली नाही. बोटीत इंजिन हवा भरतं, पिवळी नळी खाली जाते, खालचा माणूस तिचं टोक दातात धरून हवा घेतो. वर एकजण नळी हातात घेऊन बसतो. छोटा हिसका आला की खालचा विचारतोय, 'आहेस का?' आपण तसाच हिसका द्यायचा. 'आहे.' लांब, सावकाश ओढ आली की 'वर घे.' आणि एकदा 'आहे' म्हटलं की तो वर येईपर्यंत नळी सोडायची नाही. बायको बाळंत होतेय असं कोणी ओरडलं तरी नाही. नळी धरणारा मुतायलाही उठत नाही म्हणायचे. आमच्या बोटींचा वास घेतला असता तर तुमचीही खात्री पटली असती.

एप्रिलमध्ये एक दिवस बाहार एकटा परत आला.

कॉम्प्रेसरचा पट्टा तुटला म्हणाला. हवा बंद पडली, नळी ओढली तर मोकळीच वर आली. कड्यापाशी, जिथे प्रवाळ संपतं आणि पाणी एकदम काळं होतं, तिथे. आम्ही चार दिवस शोधलं. रुस्लान सापडला नाही.

नुर्मी दारात उभी होती. मी तिथे होतो.

"नळी तू धरली होतीस ना?" तिने विचारलं.

"धरली होती, नुर्मी. अल्लाची शपथ."

"मग तो कुठे आहे?"

बाहारने समुद्राकडे हात केला.

"त्याला वर घेशील तेव्हा माझ्या दारात ये," ती म्हणाली. "त्याच्याआधी आलास तर भाऊ म्हणून नाही ओळखणार." तिच्या आवाजात रडणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

चाळिसाव्याचं जेवण झालं आणि पट्टी बाहारच्या नावावर झाली. कशी, ते मला विचारू नका. गावच्या मुख्याकडे नवी मोटरसायकल आली एवढं मी सांगतो. गावात रस्ता नाही.

पण कबरी खणायला गावातला एकही माणूस तयार होईना. म्हणून मिस्टर यानने बाहेरून मजूर मागवले. ते सरकारी जहाजाने मोठ्या बेटावर उतरणार होते, शुक्रवारी पहाटे. शनिवारी पट्टीवर कुदळ पडणार होती. पश्चिमेच्या टोकापासून.

त्यांना आणायला हे दोघे निघाले ती रात्र सतरा ऑगस्टला आपल्या स्वातंत्र्याचा झेंडा चढतो, त्याआधीच्या गुरुवारची. गुरुवार बुडाला की आपल्याकडे शुक्रवारची रात्र लागते, तुम्हाला माहीत आहे. वर अमावास्या. मी स्वतः त्या दुपारीच तांदूळ आणायला पुढे गेलो होतो, आणि बाहारला सांगितलं होतं, दुपारीच चल. तो म्हणाला, "मामा, समुद्राला कॅलेंडर कळत नाही."

बोट तीच होती. कॉम्प्रेसर तसाच मागे बांधलेला, त्यावर नळीचं वेटोळं.

"मिस्टर, दोन वर्षं झाली," बाहार म्हणाला, "अजून बोटीत नव्या नवरीसारखे काठ धरून बसता."

"आणि तू दोन वर्षं झाली तरी वाकडीच बोट चालवतोस." यानने नळीकडे बोट दाखवलं. "हे अजून कशाला ठेवलंस?"

"घेणार कोण? फुकट दिली तरी कोणी हात लावत नाही."

"का?"

"बायकी गप्पा, मिस्टर. झोपा तुम्ही."

यान झोपला नाही. समुद्र ताटासारखा सपाट होता. गावातले कंदील मागे पडले, मग पट्टीवरच्या नारळी मागे पडल्या. पाण्याचा रंग दिसत नव्हता, पण बोटीखालची थंडी बदलली तेव्हा त्याला कळलं की कडा आला.

तिथेच इंजिन बंद पडलं.

बाहारने दोरी ओढली. पुन्हा ओढली. टाकीत तेल होतं. त्याने शिवी दिली, पण हळू, कोणी ऐकेल की काय अशा आवाजात. मग तोही थांबला.

काही ऐकू येत नव्हतं. बोटीला पाणी लागतं तो आवाजसुद्धा नाही.

मग काहीतरी सरकलं.

यानला आधी वाटलं उंदीर आहे. त्याने टॉर्च लावला. नळीच्या वेटोळ्याचं टोक काठावरून पाण्यात गेलं होतं. वेटोळं फिरत होतं. सावकाश. एक एक वळण सुटत, पाण्यात उतरत होतं... जसं कोणी खाली जातंय.

बाहारने झडप घालून नळी धरली. ती जाऊ नये म्हणून. एवढ्याचसाठी.

नळी थांबली.

मग तिला छोटा हिसका बसला.

आणि बाहारचा हात हलला. मिस्टर यानने स्वतः बघितलं. बाहारचं तोंड दुसरीकडे होतं, डोळे टॉर्चकडे होते, तो काही विचार करत नव्हता. हाताला वीस वर्षांची सवय. हात आपोआप हलला.

"काय केलंस तू?" यानने विचारलं.

"काही नाही."

"बाहार."

"मी... 'आहे' म्हटलं."

"कोणाला?"



मग ओढ आली. लांब. सावकाश.

बाहार ओढायला लागला. हातावर हात, जसं नेहमी ओढतात तसं. नळी वर येत होती, बोटीत पडत होती. वेटोळं होतं तेवढी आली. मग आणखी आली. त्याच्या पायांभोवती, गुडघ्यांपर्यंत. थांबेना.

"सोड ती," यान म्हणाला.

"सोडता येत नाही, मिस्टर. उत्तर दिलंय."

"मी कापतो."

"नका!" तो इतक्या जोरात ओरडला की यानच्या हातातून सुरी पडली. मग अगदी हळू म्हणाला, "पट्टा तुटला नव्हता."

यानने पडलेली सुरी तशीच राहू दिली.

"मी बंद केलं. हाताने. तो खालून विचारत होता. आहेस का... आहेस का... मी उत्तर देत होतो, मिस्टर. शेवटपर्यंत. शेवटपर्यंत 'आहे' म्हणत होतो. म्हणून तो थांबला खाली. थोडी हवा येईल म्हणून थांबला..."

"का?"

बाहारने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला पट्टी हवी होती ना?"

मग नळीचं टोक वर आलं.

टोकाला काही नव्हतं. कोणी नव्हतं. यानने पुढे होऊन बोट लावलं. टोक गरम होतं. आत्ताच कोणाच्या तोंडातून काढल्यासारखं. आणि त्यातून हवा येत होती. कॉम्प्रेसर बंद. आणि हवा येत होती, जात होती. येत होती, जात होती.

बाहारने ते टोक बराच वेळ बघितलं. मग त्याने सदरा काढला. नीट घडी करून फळीवर ठेवला. नळीचा मधला भाग उचलून यानच्या हातात दिला, त्याची बोटं स्वतः मिटवली.

"धरा," म्हणाला.

टोक दातात धरलं. काठावर बसला. पाय पाण्यात सोडले.

आणि गेला.

पाण्याचा आवाज झाला नाही.

नळी यानच्या हातातून खाली जात राहिली. बराच वेळ. मग थांबली.

छोटा हिसका.

यानला माहीत होतं त्याचा अर्थ. आपल्यात राहून दोन वर्षं झाली होती.

त्याने उत्तर दिलं नाही.

पुन्हा हिसका. पुन्हा. मग घाईघाईने, एकामागून एक... आहेस का आहेस का आहेस का...

मग ओढ. लांब.

त्याने ओढलं. मला म्हणाला, काका, मी ओढलं, मनापासून ओढलं. नळी तसूभर वर आली नाही. खाली एका माणसाचं वजन नव्हतं. दोघांचं होतं. एकजण वर येऊ बघत होता. दुसरा घाईत नव्हता.

"मग?" मी विचारलं.

तो बंदराच्या दिव्याकडे बघत बसला होता. त्याने तळहात उघडून माझ्यासमोर धरले, जणू त्यात काही दिसणार होतं.

"मी सोडली," तो म्हणाला.

इंजिन त्यानंतर पहिल्याच ओढीला चालू झालं.

...नाही, अस्रि, थांब. झालं नाही अजून. मग जा झोपायला.

जहाज आलं. मजूर उतरले. मिस्टर यानने त्यांना तिथेच काहीतरी देऊन परत चढवलं, आणि स्वतःही चढला. अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याचं सामान अजून मुख्याच्या घरात आहे, मोटरसायकलच्या बाजूला.

मी दुपारी गावात पोचलो. नमाज झाल्यावर आम्ही काही पुरुष पट्टीवर गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. गेलो. नुर्मी आमच्या आधीच तिथे होती.

दाहलियाच्या कबरीशेजारी दुसरी कबर होती. मोठ्या माणसाच्या मापाची. किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेने बरोबर केलेली. भोवती पावलं नव्हती, फावड्याची खूण नव्हती. आपल्या पट्टीची वाळू पांढरी, तुम्ही बघता. ही काळी होती. कड्याच्या तळाशी असते तशी.

इमाम म्हणाला, उघडून बघायला हवं. आत कोण आहे ते कळायला हवं.

"नको," नुर्मी म्हणाली.

"पोरी, नवरा असेल तुझा. किंवा भाऊ."

"नवरा असेल तर आला तो, लेकीजवळ आला," ती म्हणाली. "आणि भाऊ असेल तर..." तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. "तर तिथेच राहू दे. तिला सोबत होईल अंधारात. आणि त्याला बघू दे रोज, कोणाच्या शेजारी निजलाय ते."

कोणी उघडली नाही ती. कुटिरं झाली नाहीत. त्या टोकाला कोणी लघवीलासुद्धा जात नाही.

पूर्वेचा वारा सुटला की आपल्याकडे महिनोन् महिने पावसाचा थेंब नसतो. पट्टीवर उभं राहवत नाही इतकी वाळू तापते. तरी ती कबर ओली आहे. निथळत नाही, सुकत नाही. नुकतीच कोणी पाण्यातून वर काढून ठेवावी तशी. मी काल भर दुपारी हात लावून बघितलं.