कंसातली शांतता

आमची पहिली भेट म्हणजे एक भांडण. तेही रातकिड्यांवरून.

बाबांना कमी ऐकू येतं. कानाला मशीन लावा म्हटलं की म्हणतात, "आयुष्यभर तुझ्या आईचं ऐकलं, आता कान निवृत्त झालेत." सिनेमे ते सबटायटल्स लावून बघतात. त्या संध्याकाळी मी त्यांच्यामागे कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. पडद्यावर एक बाई अंधाऱ्या अंगणात एकटीच उभी होती. खाली अक्षरं उमटली — [शांतता].

"शांतता कुठली?" मी म्हटलं. "रातकिडे नुसते किंचाळताहेत!"

"मला शांतता चालते," बाबा म्हणाले. "तूही ठेव थोडी."

एरवी मी फार बोलत नाही. पण माझं कामच कानांचं आहे. रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक आवाजबंद खोली आहे. तिच्या काचेबाहेर बसून मी लोकांची श्रवणचाचणी घेते. आवाजाबद्दल कुणी चुकीचं लिहिलेलं मला बघवत नाही. बाबा ज्या साइटवरून सबटायटल्स घ्यायचे, तिथे खाली प्रतिक्रिया लिहिता येत असे. सबटायटल्स करणाऱ्याने स्वतःला 'कानसेन' म्हणवून घेतलं होतं. मी लिहिलं, "या प्रसंगात शांतता नाही. रातकिडे आहेत."

उत्तर आलं, "तुमच्या घरात असतील. औषध फवारा."

मी एकटीच हसले... बाबांनी मान वळवली. त्यांना हसणं ऐकू येत नाही, पण दिसतं.

पुढच्या सिनेमात त्याने किल्ल्यांची खुळखुळ लिहिलीच नाही. मग किटलीची शिट्टी गेली, मग मनगटी घड्याळाची टिकटिक. दर वेळी मी दाखवून द्यायचे आणि दर वेळी तो उलट बोलायचा.

"मास्तरीणबाई, आज पास का?"

"नापास. सायकलची घंटी खाल्लीस."

"भूक लागली होती हो."

'तुम्ही'चं 'तू' नेमकं कधी झालं, ते मला सांगता येणार नाही.

पण त्याला जे ऐकू यायचं, ते तो असं लिहायचा, की वाचता वाचता मी घडी तशीच हातात धरून बसायचे. [पत्र्यावर पाऊस, घाई नसलेला]. [पावलं — परत फिरावं की नाही, अशी]. [दार लागतं, रागाने नाही]. बाबा म्हणायचे, "या पोराला कान आहेत बरं का."

तो बाटल्या भरण्याच्या कारखान्यात होता. "दिवसभर काचेच्या बाटल्या एकमेकींशी भांडत असतात," त्याने लिहिलं होतं. "घरी आलो की वाटतं, आता आवाज आपण निवडून घ्यावेत." मी काय करते, ते त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग एकदा त्याने लिहिलं, "तुझे ते रातकिडे मला एकदा प्रत्यक्ष ऐकव ना. भेटशील?"

मी ती ओळ दोनदा वाचली. मग लिहिलं, "उद्या सांगते."

तो नखरा नव्हता. कुठलंही माप मी दोनदा घेतल्याशिवाय नोंदवत नाही... तशी सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी साइट उघडली, तर पांढऱ्या पानावर एकच वाक्य होतं. न्यायालयाच्या आदेशानुसार ही साइट बंद करण्यात आली आहे. चोरीचे सिनेमे दाखवणाऱ्या साइट्सना देशभर एकदमच टाळं लागलं होतं आणि त्या गठ्ठ्यात आमचीही गेली. तिथे सिनेमे नव्हते, नुसती अक्षरं होती.

"त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं?" धाकटा भाऊ म्हणाला. "सगळा देश मागच्या दाराने जातोय."

"मला कुणाशी तरी बोलायचंय."

"अच्छा! कुणाशी तरी!" पण माझा चेहरा बघून तो मुकाट्याने माझा फोन घेऊन बसला.

मी रिकामा रस्तासुद्धा सिग्नल बघून ओलांडते. तरी मी त्याला व्हीपीएन टाकू दिलं. आपण परदेशातून बघतोय असं भासवणारं ते ॲप. पण सरकारने व्हीपीएनवाल्यांकडे गिऱ्हाइकांची नावं मागितली होती, म्हणून चांगल्या कंपन्या निघून गेल्या होत्या. उरलेल्यांमध्ये दात पांढरे करण्याच्या जाहिराती तेवढ्या झटकन उघडायच्या. रुग्णालयातही सगळ्यांचं तेच चाललं होतं. कंपाउंडर रोज नवा पत्ता घेऊन यायचा, संध्याकाळपर्यंत तोही बंद पडायचा. सिस्टरने वैतागून सिनेमे दाखवणाऱ्या अधिकृत ॲपची रीतसर वर्गणी भरली. बाबांनीही भरली. त्यांना तिथे तोच अंगणाचा सिनेमा सापडला, पण अक्षरांशिवाय.

थोडा वेळ बघून त्यांनी तो बंद केला. "काचेच्या टाकीतले मासे बघतोय असं वाटतं," म्हणाले. "तोंडं उघडतात, मिटतात."

त्याच सुमारास छापखान्यातले एक गृहस्थ तपासणीला आले. त्यांचा आलेख मी काढत होते. खालच्या सुरांना उत्तम, आणि उंच सुरांपाशी रेघ कड्यावरून पडावी तशी खाली. यंत्रांच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलं की असं होतं. मी सवयीने विचारलं, "घरात काय ऐकू येत नाही?"

त्यांची बायको म्हणाली, "किटलीची शिट्टी. शेगडी मलाच बंद करावी लागते."

माझा हात थांबला.

किटली. किल्ल्या. घड्याळ. सायकलची घंटी. रातकिडे... सगळे उंच सूर. पाऊस, पावलं, दार — सगळे खालचे. तो निष्काळजी नव्हता. त्याने अगदी प्रामाणिकपणे लिहिलं होतं — शांतता. आणि तो अजून रोज उघड्या कानांनी त्या बाटल्यांमध्ये उभा राहत होता. गेलेलं परत येत नाही, उरलेलं तेवढं राखता येतं. हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. मी होते, पण दाराबाहेर.

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, साइट अचानक उघडली. माझ्या 'उद्या सांगते'खाली त्याची ओळ होती.

"उद्या झाला, मास्तरीणबाई."

त्याच्याखाली काहीच नव्हतं. मी घाईघाईने लिहायला घेतलं, "कानसेन, तुझे कान —" आणि संपर्क तुटला. ते ॲप पुन्हा चालू झालंच नाही.

त्या आठवड्यात मी आयुष्यातली पहिली सबटायटल्स केली. त्याच अंगणाच्या सिनेमाची. बाबांकडे उरलेल्या जुन्या फाइलमधली त्याची सगळी वाक्यं तशीच ठेवली, फक्त एक कंस बदलला. [रातकिडे. कानसेन, तुला ते ऐकू येत नाहीत, यात तुझी चूक नाही. बाटल्यांपाशी कान झाकून उभा राहा. तपासायला ये. आणि तू विचारलं होतंस त्याचं — हो.] खाली रुग्णालयाचं नाव आणि 'तळमजला'.

भावाने वाचलं आणि डोक्याला हात लावला. "ताई! सगळ्या देशासमोर?"

"पाठव."

साइट्स बंद झाल्यापासून लोक हातोहात देवघेव करत होते. पेनड्राइव्हवरून, फोनवरच्या गटांतून. तशी ती फाइल निघाली. पुढे अनोळखी लोक तळमजल्यावर येऊ लागले. एक आजोबा म्हणाले, "मी कानसेन नाही, पण मलाही रातकिडे ऐकू येत नाहीत." एका बाईंनी नवऱ्याला धरून आणलं. मी सगळ्यांचे कान तपासले. दार वाजलं की आधी चेहरा बघायचे... मग नाव लिहून घ्यायचे.

तो आला तेव्हा त्याची वाट बघायचं मी जवळजवळ सोडलं होतं. काचेपलीकडच्या खुर्चीत एक सडपातळ माणूस बसला. हातावर काचेचे बारीक वण होते. मी आत जाऊन त्याला हेडफोन लावले आणि काचेबाहेर येऊन बसले.

"आवाज आला की बटण दाबायचं," मी माइकमधून म्हटलं.

खालचे सूर त्याने लगेच टिपले. मी वर वर जात राहिले. त्याचा अंगठा हळूहळू थांबला. मी आवाज यंत्राच्या शेवटच्या टोकापर्यंत नेला. माझ्याच कानात कळ यावी एवढा. तो काचेतून माझ्याकडे शांतपणे बघत होता, वाट बघत. मला पुढचं दिसेना. मी यंत्रावरून हात काढला आणि त्याच्याकडे बघितलं.

आणि त्याने बटण दाबलं. दिवा लागला.

"आता आवाज नव्हता," मी म्हटलं.

"माहितीये."

"मग?"

"तू बघितलंस." मग म्हणाला, "नापास ना?"

असा प्रतिसाद चुकीचा म्हणून नोंदवायचा असतो. मी नोंदवला नाही.

संध्याकाळी आम्ही रुग्णालयामागच्या पायरीवर बसलो. त्याने फाइल उशिरा पाहिली होती. एका सोबत्याने जेवणाच्या सुट्टीत दाखवून विचारलं होतं, हा येडा कोण रे? "तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा मी तेच उत्तर समजलो," तो म्हणाला. "तोवर कान झाकायचंही सुचलं नाही." मी त्याला आलेख समजावून सांगितला. काहीही लपवलं नाही. कानाच्या मशीनने थोडं ऐकू येईल, सगळं नाही.

"तुझा आवाज?" त्याने विचारलं.

"अर्धा येत असेल."

"हं... भिंतीपलीकडून आल्यासारखा." तो हसला. "गोड भिंत आहे."

मला हसता आलं नाही.

अंधारून आलं. कुंपणापलीकडच्या गवतात रातकिडे सुरू झाले, आधी एक, मग सगळे. तो तसाच समोर बघत होता. त्याला काहीच कळलं नव्हतं. मी त्याचा हात घेतला, तळवा उघडला आणि बोटाने ती लय धरली. भरभर, न थांबता.

त्याने हाताकडे बघितलं.

"इतके?"

"याहून जास्त," मी म्हटलं.