पहिल्या हाकेला ओ

केप कोस्टहून तासाभरावरच्या आमच्या इस्पितळात प्राणवायूचं यंत्र लिनक्सवर चालतं. त्याचा सगळा कारभार ब्राउझरमधल्या काळ्या टर्मिनलमधून. आणि हे टर्मिनल भारी हट्टी. पासवर्ड अगदी बरोबर टाका, दोनदा नाकारणार, तिसऱ्यांदा मुकाट उघडणार. चार वर्षं सगळे हसण्यावारी नेत होते, मीही. गेल्या मंगळवारी चार नंबरच्या खाटेच्या प्राणवायूचा दाब पडला आणि मी लॉगिन करून आत शिरेपर्यंत पेशंटची नखं निळी पडली. पेशंट म्हणजे माझी आई.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी मी कारण शोधायला बसलेच. हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ खिडकीच्या फटीतून कीबोर्डवर साचत होती. ब्राउझर ठीक, पासवर्ड ठीक. शेवटी लॉगिनच्या नियमांच्या फाइलीत एक जास्तीची ओळ सापडली: पहिले दोन प्रयत्न नाकारा. खाली माझ्या आधीच्या तंत्रज्ञाचं, एग्या अन्सांचं नाव; एग्या म्हणजे बाबा, सगळे त्यांना तसंच म्हणायचे.

डोकंच सटकलं माझं. निवृत्त होऊन घरी बसलेल्या म्हाताऱ्याला फोन लावला.

“एग्या, ही ओळ तुमची?”

“माझीच. का गं अराबा?”

“त्या ओळीपायी आई मरता मरता वाचली!”

ते बराच वेळ खोकले. “तिन्हीसांजेला दारातून कुणी तुझं नाव घेतलं, तर पहिल्या हाकेला ओ देतेस?”

“नाही देत, तिसरीला देते; पहिल्या दोन हाका भुताच्याही असू शकतात. पण ते माणसांचं झालं. यंत्राला कोण हाक मारणार?”

“मीही तेच म्हणायचो,” ते म्हणाले. “आईला विचारलं म्हणून सांग.”

मी ओळ पुसली. पासवर्ड टाकला. टर्मिनल पहिल्याच फटक्यात उघडलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग आत कोण कोण आहे ते सहज पाहिलं. दोन नोंदी. एक माझी. दुसरीला नाव नव्हतं. ती माझ्या आधी, ओळ पुसल्याच्या मिनिटालाच आत आली होती.

मी तिला बाहेर काढलं. ती तिथंच. पुन्हा काढलं. यंत्र बंद करावं, तर अकरा जणांचा श्वास त्याच्यावर. घाईघाईनं ओळ परत लिहिली. पण ते नियम दाराबाहेरच्यांना लागतात, आत आलेल्याला नाही.

पडद्यावर चार नंबरची खाट मिनिटाला दोन लिटर प्राणवायू घेत होती. आता चार घ्यायला लागली.

मी धावत वॉर्डात गेले. सिस्टर मान्सा टेबलाशी मक्याची केंकी खात बसली होती.

“आईचा नॉब कुणी फिरवला?”

“कुणी नाही बाई. दोनावरच आहे, बघ की.”

दोनावरच होता.

आई जागी होती. खाटेच्या अगदी कडेला सरकलेली.

“आई!”

“हळू बोल गं,” ती म्हणाली आणि शेजारच्या रिकाम्या चादरीवर थोपटत राहिली. “आत्ता कुठं डोळा लागलाय.”