मास्तरांची दहा हजार पावलं

तिच्या पांढऱ्या कोटाचा खिसा ट्रेडमिलच्या दांड्याला अडकून टर्रकन फाटला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दहाला वर्ग होता. हृदयाच्या पेशंटना चालवण्याचा वर्ग. ती तिथली फिजिओथेरपिस्ट. पण हॉस्पिटलात सगळे तिला 'पळवाबाई' म्हणत. बायपास झालेला असो की अँजिओप्लास्टी, गोड बोलून, नाहीतर डोळे वटारून, ती माणसाला चालायला लावणार म्हणजे लावणार. अशा बाईने फाटक्या खिशाने वर्गात उभं राहायचं? छे! ती तडक रस्त्यापलीकडच्या टेलरच्या दुकानात शिरली.

काउंटरमागे एक तरुण उभा होता. गळ्यात टेप, कानावर खडू, आणि डोळ्यांत नको इतका मिश्कीलपणा.

"खिसा फाटला... की कुणी फाडला?"

"ट्रेडमिलने."

"अरे वा, म्हणजे पळवाबाई तुम्हीच!" त्याने मान बाहेर काढून तिला नीट पाहून घेतलं. "आमच्या बाबांना सोमवारपासून तुमच्याकडे पाठवलंय डॉक्टरांनी. पण एक सांगा, फक्त पेशंटनाच पळवता की..."

"धडधाकट माणसांना पळवावं लागत नाही. ती आपल्या पायांनी येतात," ती म्हणाली. "आणि टाके जरा जवळ जवळ घाला. परत उसवला तर परत यावं लागेल."

त्याने टाके जवळ घातले नाहीत, हे तिला चौथ्या दिवशी कळलं. मग ती परत गेली. रागावूनच गेली होती, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं.

आतल्या बाजूला शिलाई मशीनवर बसलेले ते त्याचे बाबा, थोरले मास्तर. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत डॉक्टरांनी स्टेंट बसवला होता. म्हणजे वाहिनी उघडी राहावी म्हणून धातूची बारीक जाळी. "छातीत स्प्रिंग घातलीय, आता काय बिघडतंय!" असं ते गिऱ्हाइकांना ऐटीत सांगत. पुढचे पाच महिने व्यायामवर्गाला त्यांनी अशाच ऐटीत टांग मारली होती. शेवटी धाकट्या मास्तरने, म्हणजे त्या मिश्कील डोळ्यांच्या लेकाने, त्यांना अक्षरशः हाताला धरून आणलं.

आठवड्यातून तीन दिवस. बाबा आत चालत आणि लेक बाहेरच्या बाकावर बसे. वर्ग संपला की ती दारात येई.

"कसे आहेत आमचे पेशंट?"

"तुमच्यापेक्षा शहाणे. निदान बाकावर बसून दारात डोकावत नाहीत."

"दारात काही बघण्यासारखं असेल तर माणूस काय करणार?"

तिच्या गालावर जे काही व्हायचं ते झालं, आणि ती घाईघाईने आत जाऊन कुणाची तरी आधीच मोजलेली नाडी पुन्हा मोजू लागली. नर्सने हे पाहिलं आणि दिवसभर तिला पिडलं. पिडू दे. तिला तो आवडला होता, आणि हे स्वतःशी कबूल करायला ती मुळीच लाजली नाही.

मग एका बुधवारी तो बाकावर जरा गप्प बसलेला दिसला. कपड्यांच्या मोठ्या कारखान्यात मुख्य कटरची जागा मिळाली होती. दूरच्या शहरात, दोन वर्षांसाठी. एक तारखेला निघायचं.

"अभिनंदन," ती म्हणाली. आवाज अगदी व्यवस्थित निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "जायचंय तुम्हाला?"

"बाबांनी जंग जंग पछाडलंय त्यासाठी. त्यांना वाटतं, त्यांच्या आजारपणात माझं आयुष्य अडकलंय. सहा महिन्यांची तपासणी चांगली आली की..." तो थांबला. "ती अठ्ठावीसला आहे ना? तुमच्याकडेच?"

"माझ्याकडेच."

तो गेल्यावर ती रिकाम्या ट्रेडमिलवर बराच वेळ चालत राहिली.

पुढच्या वर्गापासून तिला नको ते दिसू लागलं. थोरले मास्तर जिन्याच्या वळणावर थांबून सूचनाफलक वाचत. तोच फलक, दर वेळी. ट्रेडमिलचा वेग वाढवला की "गुडघा, गुडघा" करत. आणि मधूनच अंगठ्याने जबडा चोळत. हृदयाला रक्त कमी पडलं की काहींचा जबडाही जड होतो, हे तिला पाठ होतं. स्टेंटच्या आत वाट पुन्हा अरुंद व्हायची असेल तर ती साधारण याच महिन्यांत होते, हेही.

पण दुखणं असेल तर मुलगा जाणार नाही. आणि तो जाऊ नये, असं तर तिला मनापासून वाटत होतं! मग हे खरंच दिसतंय, की आपल्याला हवं म्हणून दिसतंय? स्वतःच्या नजरेवरचा तिचा विश्वास असा कधी डळमळला नव्हता. त्यात मास्तर चिठ्ठी घेऊन आले: तपासणी पुढल्या महिन्यात ढकलता येईल का?

"मास्तर, चालणं कसं आहे?"

"रोज दहा हजार पावलं! हे बघ." मुलाने दिलेल्या, पावलं मोजणाऱ्या मनगटी पट्ट्याचा हिशेब त्यांनी फोनवर दाखवला. पावलं खरोखरच दहा हजार होती.

तिने फोन हातात घेतला आणि कालच्या दिवसाचा तासांचा तक्ता उघडला. सकाळी सहा ते आठ, मास्तरांच्या फिरण्याची वेळ: एकही पाऊल नाही. दहा ते एक मात्र पावलांचा नुसता पाऊस, सगळा एका ठेक्यात. जेवणाच्या वेळी शून्य. चार वाजता पुन्हा सुरू. माणूस असा चालत नाही.

त्याच दुपारी, धाकटा कापड आणायला गेलाय हे पाहून, ती दुकानात गेली. थोरले मास्तर मशीनवर होते. पायडल खाली-वर होत होतं, आणि उजव्या मोज्याच्या वर, घोट्याला घट्ट बांधलेला होता तो पट्टा.

हसावं की रडावं, तिला कळेना.

"एक तारीख उलटू दे गं," मास्तर हळूच म्हणाले. "पोरगं विमानात बसलं की मी स्वतः येऊन तुझ्यासमोर उभा राहतो."

"जबडा कधीपासून जड होतोय?"

मास्तरांनी मशीन थांबवलं. "तीन आठवडे झाले. जिना चढलो की होतो, थांबलो की जातो. गोळी मात्र एकही चुकवली नाही, शपथेवर सांगतो. साखरेचं जरा... बिनसलंय."

तिने त्यांचा हात हातात घेतला. आता तिच्या मनात काडीचीही शंका उरली नव्हती.

"मास्तर, डॉक्टरांना मी आत्ता सांगते. मुलाला तुम्ही सांगा. आजच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अँजिओग्राफी झाली. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवून बापलेक दोघांनाही दाखवलं: जाळी जागेवरच होती, पण तिच्या आत वाट दोऱ्याएवढी उरली होती.

"जाळी बसवली की शरीराला ती जखम वाटते," त्या म्हणाल्या. "ते भरायला घेतं, आणि काही जणांत भरण्याच्या उत्साहात वाटच बुजवून टाकतं. साखर जास्त असली की हा धोका वाढतो. औषध लावलेला फुगा आत नेऊन फुगवू. वाट मोकळी होईल, आणि औषध तिथल्या वाढीला आवर घालेल. पुढे साखर, गोळ्या आणि चालणं. पायांनी चालणं, मास्तर!"

तासाभरात सगळं पार पडलं. मास्तरांच्या गालांवर रंग परतला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

धाकटा बाहेर भिंतीला टेकून उभा होता. मिश्कीलपणा पार उतरलेला.

"मीच कमी पडलो. पट्टा बांधला आणि निर्धास्त झालो."

"सगळं नीट करूनही हे होतं काहींना. स्वतःला बोल लावू नका. वेळेत कळलं, ते बघा."

"तुम्हाला कळलं म्हणून."

"ऐका," ती म्हणाली. आता हातचं राखायचं नाही, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. "मला चार दिवस आधीच संशय आला होता. पण वाटलं, तुम्ही जाऊ नये म्हणून मलाच तसं दिसतंय. म्हणून मी तीन-तीनदा खात्री केली. तर आता दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगते. पेशंटबद्दल: ते बरे होतील, दोन आठवड्यांनी तुम्ही खुशाल जा, त्यांना चालवायला मी आहे. आणि माझ्याबद्दल..." तिने श्वास घेतला. "माझ्याबद्दल म्हणाल, तर तुम्ही जाऊ नये."

तो भिंतीपासून सरळ झाला. मग खोलीच्या उघड्या दारातून थोरल्या मास्तरांचा आवाज आला. बारीक, पण खणखणीत.

"माझ्या नावावर थांबलास तर याद राख!"

धाकट्याला हसू आलं. "हे असं आहे बघ. मला जायचंच नव्हतं कधी. दुकान आवडतं मला माझं. पण तसं म्हटलं असतं, तर आजारी बापासाठी पोरगं बुडालं, असं बाबा घेऊन बसले असते मनाला. आता तर त्यांच्या नावावर थांबायला त्यांनीच बंदी घातली." तो एक पाऊल पुढे आला. 'तुम्ही' केव्हा गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "मग सांग... थांबायचं झालं, तर कुणाच्या नावावर थांबू?"

कॉरिडॉरमध्ये नर्स होती, दोन पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने सांगितलं,

"माझ्या."