चौदा तोंडांचं गिऱ्हाईक

शुक्रवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी बार्शीतल्या शेट्यांच्या स्वयंपाकघरात ओव्हनने आ वासला आणि आतला केक बसला.

तसं पाहिलं तर त्या घरात केक बसणं नवं नव्हतं. साल होतं २०६१. ओव्हन विचार करणारा आणि बोलणारा होता. तो केक भाजायचा, ऑर्डरी घ्यायचा, गिऱ्हाइकांना उत्तरं द्यायचा. दोष एकच. आश्चर्य वाटलं की त्याचं दार धाडकन खाली पडायचं. आतली गरम हवा बाहेर, बाहेरची गार हवा आत आणि फुगत आलेला केक मधोमध खचून थेट बशी! कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा कंपनीने लेखी कळवलं, की हा दोष नसून स्वभाव आहे.

त्याचं नाव धगधगे. अकरा वर्षांची शलाका त्याला धगधगेकाका म्हणायची.

"आता काय झालं?" बसलेल्या केककडे बघत आईने विचारलं.

"स्वरावहिनी," धगधगेकाका कसेबसे म्हणाले, "दोनशे केक!"

आईही बसली. केकसारखीच, मधोमध.

धगधगेकाकांनी ऑर्डर वाचून दाखवली. 'चंद्रतळ क्रमांक सात. दोनशे केक पाहिजेत. कोणतेही चालतील. रविवारी आमचं यान न्यायला येईल. ऐंशी हजार रुपये आत्ता पाठवतो. – कॅप्टन शौर्यवीर.'

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं स्वयंपाकघरात केक करून तिने एक लाख रुपये साठवले होते. उद्या, शनिवारी, ते अनामत म्हणून भरले की सोमवारपासून बाजारपेठेतला छोटा गाळा तिचा होणार होता. आणि गाळ्याच्या आधीच चंद्रावरून ऑर्डर!

"शिवाय मी सकाळीच एक खोटी ऑर्डर हाकलून लावली," धगधगेकाका मान नसतानाही ती ताठ करून म्हणाले. "फार विचित्र होती. ऐका. 'माझं नाव ख्वाप. मला चौदा तोंडं आहेत. माझा चारशे बारावा वाढदिवस आहे. केक जिवंत असतो का? कापल्यावर ओरडतो का? त्यात अंडं आहे का? असल्यास अंड्याची परवानगी घेतली होती का? एका तोंडाला गोड चालत नाही, त्याच्यासाठी काय कराल? जरा कमी करा की, नेहमी घेत जाऊ. पत्ता : तुमच्या गच्चीच्या वर, पाण्याच्या टाकीच्या डावीकडे.' असे एकूण सदतीस प्रश्न! मी उत्तर दिलं, 'फसवणूक करू नये.'"

"बरं केलंत," आई म्हणाली.

तेवढ्यात आईच्या फोनवर मेसेज आला. 'आपल्या खात्यात एक लाख ऐंशी हजार रुपये जमा.' आणि पाठोपाठ कॅप्टनचा निरोप : 'मॅडम, चूक झाली. अंतराळातले हातमोजे जाड असतात, एक आकडा जास्त दाबला गेला. वरचे एक लाख अर्ध्या तासात परत करा. यान सुटतंय. ते पैसे यानाच्या ड्रायव्हरचे आहेत. त्याला लहान मुलं आहेत.'

"अगंबाई," आई लगबगीने म्हणाली, "लोकाचा पैसा आपल्याला कशाला? देऊन टाकू."

तिचं बोट फोनच्या काचेपासून वीतभर अंतरावर होतं, तेव्हा शलाका म्हणाली, "आई, थांब. त्यांनी विचारलंच नाही."

"काय?"

"अंडं आहे का, ते."

धगधगेकाकांचं दार पुन्हा पडलं. सुदैवाने आत काही नव्हतं.

बार्शीत 'अंडं नाही ना?' असं न विचारता आजवर कोणी केक घेतला नव्हता. जे अंडं खातात, तेही विचारतात. शेजारच्या कोठेकाकूंनी तर एकदा मेणबत्त्या विकत घेताना विचारलं होतं.

गोंधळ ऐकून मंगेशआजोबा आले. ते संख्याशास्त्रज्ञ (म्हणजे आकड्यांच्या ढिगातून अर्थ शोधणारा शास्त्रज्ञ) होते. त्या काळी आजोबांची नावं मंगेश, योगेश, नीलेश अशी म्हातारीच असत. त्यांनी दोन्ही ऑर्डरी वाचल्या, मनुकांची बरणी काढली आणि ओट्यावर दोन वाट्या मांडल्या.

"धगधगे, सकाळची ऑर्डर खोटी असं तुम्ही कशावरून ठरवलं?"

"विसंगतीवरून." (विसंगती म्हणजे नेहमीच्या नमुन्यात न बसणारी गोष्ट.) "माझ्याकडच्या शंभर खऱ्या गिऱ्हाइकांत चौदा तोंडांचं गिऱ्हाईक एकही नाही. म्हणजे ऑर्डर खोटी."

"हा अर्धा प्रश्न झाला. आता उरलेला अर्धा. घरगुती बेकर मंडळाने शंभर पकडलेल्या ठकांची यादी पाठवली आहे ना? त्यांतल्या किती जणांनी आपल्याला चौदा तोंडं असल्याचं सांगितलं होतं?"

धगधगेकाकांनी यादी चाळली. आतून घर्रघर्र आवाज आला.

"शून्य."

"म्हणजे खऱ्यांत शून्य, ठकांतही शून्य. मग चौदा तोंडांवरून काय कळलं?"

"काहीच नाही?" धगधगेकाका पुटपुटले आणि आश्चर्याने त्यांचं दार निम्मं उघडलं.

"काहीच नाही!" आजोबा टाळी वाजवून म्हणाले. "विचित्र असणं आणि खोटं असणं या दोन वेगळ्या गोष्टी. मी स्वतः ताकात जिलबी बुडवून खातो. मी काय ठक आहे? कुठलीही खूण दिसली, की दोन प्रश्न विचारायचे. शंभर खऱ्या माणसांपैकी असं किती जण करतात? आणि शंभर ठकांपैकी किती? दोन्ही उत्तरांत जेवढी तफावत, तेवढी ती खूण कामाची. उजवी वाटी खऱ्यांची, डावी ठकांची. शलाका, कर सुरुवात."

"पहिली खूण," शलाका म्हणाली. "कॅप्टनने अंड्याचं विचारलं नाही."

"खऱ्यांत न विचारणारे चार," धगधगेकाका म्हणाले. "चौघंही नातेवाईक, त्यांना माहीतच होतं. ठकांत न विचारणारे सत्त्याण्णव."

उजव्या वाटीत चार मनुका पडल्या, डावीत सत्त्याण्णव. आजोबांनी मधल्या मध्ये दोन तोंडात टाकल्या. शास्त्रात याला त्रुटी (म्हणजे मोजमापात राहून गेलेली चूक) म्हणतात.

"दुसरी खूण. घाई."

"घाई खऱ्यांत साठ जणांना, ठकांत नव्वदांना."

"बघ, फार फरक नाही," आजोबा म्हणाले. "घाई सगळ्यांनाच असते. ही खूण लंगडी. नुसत्या घाईवरून कोणाला ठक म्हणशील, तर निम्मी बार्शी तुरुंगात जाईल."

"तिसरी. चुकून जास्त पाठवले, परत करा."

धगधगेकाकांनी दोनदा मोजलं. "खऱ्यांत एक. ठकांत एकाहत्तर."

डावी वाटी भरून मनुका ओट्यावर सांडल्या. आई त्या ढिगाकडे बघतच राहिली. फोन तिने हळूच पालथा ठेवला, जणू तो चावणार होता.

"एका खुणेने निकाल लावायचा नाही," आजोबा म्हणाले. "एकेक खूण टाकत जायची, तसं पारडं कलत जातं. यालाच म्हणतात संभाव्यता, म्हणजे एखादी गोष्ट खरी असण्याची शक्यता किती, याचा आकड्यांतला अंदाज. नवी खूण आली, की अंदाज बदलायचा. लाजायचं नाही."

"आता ख्वापचं बघू," शलाका म्हणाली. "त्याने अंड्याचं विचारलं."

"खरे शहाण्णव, ठक तीन."

"त्याने भाव कमी करायला सांगितला."

"खरे अठ्ठ्याऐंशी. ठक..." धगधगेकाका अडखळले. "ठक शून्य. एकाही ठकाने कधीच घासाघीस केलेली नाही!"

"कारण ठकाला पैसे द्यायचेच नसतात!" शलाका जवळजवळ ओरडली. "जे द्यायचंच नाही, ते कमी कशाला करून घेईल? आणि केक खायचा नाही, मग अंड्याची चौकशी कशाला करेल?"

आजोबांनी तिच्या हातावर एक मनुका ठेवली. आमच्या माहितीप्रमाणे तो त्या वर्षीचा विज्ञानाचा सर्वोच्च पुरस्कार होता.

तेवढ्यात फोन वाजला. खुद्द कॅप्टन शौर्यवीर. शलाकाने तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"मॅडम, यान सुटतंय! पैसे कुठे आहेत?"

"पाठवतोय, कॅप्टनकाका. त्याआधी फक्त सांगा, केकमध्ये अंडं घालू का?"

"घाला."

"की नको?"

"नका घालू."

"आणि केकवर नाव काय लिहू?"

"काहीही लिहा!"

आईने तोंडावर हात धरला. दोन वर्षांत तिने केकवर 'चि. छोटू दादासाहेब यांस अवघ्या परिवाराकडून' असं सगळं, वर मोरपीस काढून, एका अर्ध्या किलोवर लिहिलं होतं. त्यातला अनुस्वार राहिला म्हणून लोक परत आले होते. 'काहीही लिहा' असं कोणी म्हटलं नव्हतं.

"दोनशे केकवर 'काहीही' असं लिहायचं ना?" शलाकाने शांतपणे विचारलं.

"हो, हो, लिहा! पैसे पाठवा!"

"मेणबत्त्या किती?"

फोन बंद झाला.

"चला, कळलं," आई उठत म्हणाली.

"नाही," आजोबा म्हणाले. "मनुका अंदाज सांगतात. खात्री निराळी. आणि खात्री करायची ती आपल्या वाटेने, त्याने दाखवलेल्या वाटेने नाही. त्याच्या मेसेजकडे बघू नकोस. स्वतःचं खातं उघड."

आईने खातं उघडलं. शेवटची जमा कालची होती. कोठेकाकूंच्या नानकटाईचे साडेचारशे. एक लाख ऐंशी हजारांचा मागमूसही नव्हता. तो मेसेज बँकेचा नव्हताच. कॅप्टनने बसल्या जागी स्वतः लिहून पाठवला होता.

आईने आपल्या बोटाकडे पाहिलं. वीतभर अंतर, आणि गाळा गेला असता.

मग कॅप्टनने दिलेला नंबर बाजूला ठेवून शलाकाने चंद्रतळाच्या सरकारी पानावरचा नंबर शोधला आणि लावला. पलीकडे एक जांभई देणारा आवाज आला.

"चंद्रतळ सात. बोला."

"तुम्ही दोनशे केक मागवलेत का?"

"आम्ही? आम्ही इथे अकरा जण आहोत बाळा, त्यातल्या दोघांचं डाएट चालू आहे. कॅप्टन तर कोणीच नाही. माझं नाव जमदाडे, मी इथली मुख्य. कळवलंत ते बरं केलंत. गेल्या महिन्यात लातूरच्या एका बाईंना कोणीतरी आमच्या नावाने साडेतीनशे पुरणपोळ्या सांगितल्या होत्या. सायबर पोलिसांत आजच तक्रार द्या, आम्हीही देतो." जरा थांबून आवाज पुढे म्हणाला, "केक कसला होता? अंडं असतं का त्यात?"

"ही बाई खरी आहे," धगधगेकाका कुजबुजले.

आईने लगेच तक्रार नोंदवली. मग सगळ्यांना एकदमच आठवलं, की सकाळी एका खऱ्या गिऱ्हाइकाला ठक म्हणून हाकललं आहे.

"खरं आहे असा अंदाज आहे," शलाकाने दुरुस्ती केली. "खात्री बाकी आहे. पत्ता काय होता?"

गच्चीच्या वर, टाकीच्या डावीकडे. तिघं जिना चढून गेले. टाकी होती. डावीकडे, विजेच्या तारांच्या जरा वर, पालथ्या कढईच्या आकाराचं एक यान तरंगत होतं. त्याच्या खाली कोणाचा तरी टॉवेल वाळत होता.

"हे कधीपासून आहे?" आईने विचारलं.

"कोण जाणे," आजोबा म्हणाले. "आपण गच्चीवर येतो ते टाकी भरली का बघायला. वर कोण बघतं?"

आईने खाली येऊन माफीचा निरोप पाठवला, सदतीस प्रश्नांची उत्तरं दिली (अंडं नाही, केक ओरडत नाही, गोड न चालणाऱ्या तोंडाला तिखट शंकरपाळी) आणि पन्नास रुपये कमी केले. आगाऊ रक्कम आल्याचा मेसेज वाजला, तेव्हा तिने मेसेजकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्वतःचं खातं उघडलं. पैसे खरोखरच आले होते. मग तिने पिठाचं भांडं घेतलं.

केक ओव्हनमध्ये गेला. बरोबर निम्मा भाजून झाला होता, मधला भाग थरथरत वर येत होता, आणि नेमक्या त्याच वेळी स्वयंपाकघराच्या खिडकीत ख्वाप आला.

चौदा तोंडं वाचायला सोपी असतात. बघायला नाही. आईचं तोंड उघडं पडलं, आजोबांचं पडलं, शलाकाचंही पडलं. केकचा वास आल्यामुळे ख्वापची चौदाही पडली. सतरा तोंडं उघडी होती आणि सगळे श्वास रोखून अठराव्याकडे बघत होते.

धगधगेकाका थरथरले. त्यांचे दिवे लुकलुकले. बिजागरी कुरकुरली. पण दार पडलं नाही.

"काका," शलाका हळूच म्हणाली, "आश्चर्य नाही वाटलं?"

"फार वाटलं," धगधगेकाका दार घट्ट मिटून म्हणाले. "पण आत खऱ्या गिऱ्हाइकाचा केक आहे. तो बाहेर निघाला, की मग आश्चर्य वाटून घेईन."

"माझा अडतिसावा प्रश्न," ख्वापचं सगळ्यात डावीकडचं तोंड म्हणालं. "सोमवारी तुमचा गाळा उघडतोय असं ऐकलं. माझी भावंडं येऊ शकतात का? ती जरा विचित्र आहेत."

आईने शलाकाकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या दोन वाट्यांकडे.

"विचित्र चालेल," ती म्हणाली. "फक्त प्रश्न विचारणारी असू देत."

बाविसाव्या मिनिटाला घंटी वाजली. आईने केक बाहेर काढला. उंच, सोनेरी, कुठेही न खचलेला. तो ओट्यावर सुखरूप टेकला. त्यावर 'चि. ख्वाप यास' असं लिहून झालं, वर मोरपीसही आलं.

आणि मग धगधगेकाकांनी, आता काही घाई नाही अशा निवांतपणे, पूर्णच्या पूर्ण आ वासला.